पहिल्या पावलाचें ऋण

जॅना लेव्हिन यांच्या ‘ब्लॅक होल ब्लूज’ (२०१६) या ग्रंथाचा विषय अवकाशाला कंप देणाऱ्या गुरुत्वलहरींचा शोध हा असला, तरी त्याचा खरा कस लागतो तो जोसेफ वेबर यांच्या चित्रणांत. १९६९ सालीं ॲल्युमिनियमच्या जड दंडगोलांच्या कंपनांवरून वेबर यांनीं या लहरी गवसल्याचें जाहीर केलें. इतरांच्या यंत्रांस त्या आढळल्या नाहींत, आणि वेबर एकाकी पडले. विजयाची कथा सांगतांना पराभूताची कींव करणें किंवा त्यास वगळणें सोपें. लेखिकेनें दोन्ही टाळलें आहे.

चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत लेसरचे किरण खेळवून प्रोटॉनच्या व्यासाहूनहि सूक्ष्म फरक टिपणाऱ्या ‘लायगो’ यंत्रास १४ सप्टेंबर २०१५ रोजीं यश आलें. त्यामागील माणसांचे कलह लेखिका रंगवून सांगतात. परंतु टांगलेले आरसे जमिनीच्या हादऱ्यांपासून अलिप्त कसे राखिले, हें अधिक विस्तारानें यावयास हवें होतें.

हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ असेंच यंत्र उभारण्यास २०२३ मध्यें केंद्र सरकारनें मान्यता दिली. तेव्हां मराठी वाचकांस हा विषय परका नाहीं. वेबर यांचा दावा टिकला नाहीं. पण या लहरी मोजावयास निघण्याचें धाडस प्रथम त्यांनींच केलें. तें ऋण मान्य करणारा हा ग्रंथ अवश्य वाचावा.