हलका प्याला

मराठी रंगभूमीच्या इतिहासात बडोद्याचे स्थान मोठे आहे, आणि त्या स्थानातही २० फेब्रुवारी १९१९ या दिवसाचा मान काही वेगळाच आहे. त्या दिवशी गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आणले. तो प्रयोग पाहावयास नाटककार हयात नव्हते. २३ जानेवारीस, म्हणजे अवघ्या चार आठवड्यांपूर्वी, नागपूरजवळ सावनेर येथे त्यांचे देहावसान झाले होते. ज्या बडोदे संस्थानच्या नवसारी भागात १८८५ साली त्यांचा जन्म झाला, त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांच्या या कृतीचा पडदा उघडला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी पुढे कितीएक पिढ्यांनी सांगितल्या.

हे नाटक आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. त्याचे निमित्त घरगुती आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचा रोख वाचकांच्या ध्यानी येणार नाही.

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या आप्तांकडे गणेशोत्सवात सर्व मंडळी जमली होती. अमेरिकेत नोकरीस असलेला आमचा एक भाचाही आला होता. आरती झाली, प्रसाद झाला, आणि गोष्टी निघता निघता तो तिकडे घरी स्वतः बिअर तयार करतो, हे त्याच्या तोंडून सहज बाहेर पडले. वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरलेले पाहून तो हसत म्हणाला, "मामा, तुम्ही उगाच धास्तावता. ही दारू नव्हे. हलकी लागर आहे. आणि घरची, शुद्ध!"

त्याच्यावर रागावणे सोपे होते. पण तो ज्या तन्मयतेने आपली कृती सांगू लागला, ती ऐकल्यावर त्यात एक कारागिरी आहे हे आम्हांस मान्य करावे लागले. जव भिजत घालून मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, आणि ती भरड सुमारे ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवावयाची. म्हणजे मोडातील पाचक द्रव्ये पिठुळाची साखर करतात. पेय हलके व्हावे म्हणून जवाचा काही भाग कमी करून त्याजागी शिजवलेला तांदूळ किंवा मका घालतात. मग ते पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या कडवट फुलांसह उकळावयाचे, निववावयाचे आणि त्यात किण्व सोडावयाचे. लागरचे किण्व थंडी मागते. दहाबारा अंशांत दोन आठवडे ते आंबते, आणि पुढे कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूशी ते पेय नुसते राखून ठेवावे लागते. 'लागर' या जर्मन शब्दाच्या मुळाशी हाच साठवणीचा अर्थ आहे. भाच्याचे म्हणणे असे की, काळ्या, कडू, दाट बिअरमध्ये करणाराची चूक झाकून जाते. हलक्या लागरमध्ये झाकावयास काहीच नसते. किंचित घाई झाली की लोण्याचा वास येतो, उकळी कमी पडली की शिजलेल्या मक्याचा.

हे सारे अमेरिकेत कायदेशीर आहे. १९७८ च्या तेथील संघीय कायद्याने प्रौढ गृहस्थास स्वतःच्या उपयोगासाठी वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन प्रौढ असल्यास २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करण्याची मुभा दिली. बडोद्यात मात्र हाच खटाटोप गुन्हा ठरतो. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरातकडे वारशाने आला आणि तो तेथे आजही अंमलात आहे. पण भाच्याच्या बोलण्यातील 'हलकी' आणि 'घरची' ही दोन विशेषणे कायद्याने निकालात निघत नाहीत. ती मनात घेऊनच आम्ही गडकऱ्यांचे पुस्तक उघडले.

प्रथम 'हलकी' हे विशेषण घेऊ. आमच्याकडील सामान्य विदेशी दारूत मद्यार्क शेकडा ४२.८ असतो, तिच्या ३० मिलिलिटरच्या मापात तो सुमारे १३ मिलिलिटर भरतो. हलक्या लागरमध्ये तो शेकडा ४ धरला, तरी ३३० मिलिलिटरच्या बाटलीत तोही १३ मिलिलिटरच भरतो. म्हणजे पाणी वाढले, मद्य तितकेच राहिले. दुसरे असे की, अमेरिकेत या पेयाला 'लाइट' हे नाव पडले ते नशेच्या हिशेबाने नव्हे. न्यूयॉर्कच्या ऱ्हाइनगोल्ड कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ओवेड्स यांनी एका पाचक द्रव्याच्या साहाय्याने बिअरमध्ये उरणारे पिठुळ पदार्थ घालविले. ती बिअर १९६७ साली बाजारात आली. पुढे १९७५ पासून 'मिलर लाइट'ने तोच प्रकार अमेरिकाभर रूढ केला. हलकेपणा होता तो पोट सुटण्याच्या भीतीपुरता! गोमंतकातील आमच्या वाचकांना हा शब्दच्छल नवा नाही. काजूच्या हंगामातील हुर्राक ही फेणीपेक्षा 'हलकी' म्हणूनच प्याल्यामागून प्याला रिचविली जाते.

आता सुधाकराकडे पाहू. तो मूर्ख नाही, विलासी नाही, दुष्ट तर नाहीच. तो बुद्धिमान, मानी, स्वकष्टाने वर आलेला वकील आहे. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद काही काळ हातची जाते, आणि त्या अपमानाच्या आगीत त्याचाच कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला करतो. तळीराम त्याला दारूबाज हो असे कोठे म्हणतो? दुःख विसरण्यापुरता, एकच! गडकऱ्यांनी नाटकाचे नाव दारूवरून ठेवले नाही, व्यसनावरूनही ठेवले नाही. त्यांनी ते एका सवलतीवरून ठेवले. 'एकच' हा शब्द आणि आमच्या भाच्याचा 'हलकी' हा शब्द यांची जात एक आहे. दोन्ही शब्द मद्याचे वर्णन करीत नाहीत. पिणाराच्या मनाची समजूत घालतात. मद्याचा विचार तेथेच थांबवावा एवढेच त्यांचे काम. या नाटकाला निव्वळ मद्यपाननिषेधाचे प्रचारनाट्य म्हणणारे टीकाकार ही गोष्ट विसरतात. प्रचाराला खलनायक म्हणून दारू पुरते. गडकऱ्यांना हवा होता तो शहाण्या माणसाचा स्वतःशी चाललेला युक्तिवाद.

हे वैशिष्ट्य खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'शी ताडून पाहता अधिक स्पष्ट होते. १९१३ सालच्या त्या नाटकाचा आधार महाभारतातील कचाची कथा आहे. दैत्य कचाची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांना पाजतात; एका प्याल्यातून गुरूच्या पोटात शिष्य जातो! शुद्धीवर आलेले आचार्य ब्राह्मणांना मद्य वर्ज्य असल्याची मर्यादा घालून देतात. तेथे ज्याची चूक झाली त्याच्या अंगी शाप देण्याचे सामर्थ्य आहे, म्हणून शेवटी नियम निर्माण होतो. सुधाकराजवळ असे सामर्थ्य नाही. तो पश्चात्ताप पावतो, प्याला सोडतो, आणि नोकरीसाठी चारचौघांच्या दारी जातो. पण दारूबाज म्हणून एकदा बदनाम झालेल्या माणसावर विश्वास टाकावयास कोणी तयार होत नाही. तो परततो तो पुन्हा प्याल्याकडेच. आमच्या मते नाटकातील सर्वांत भयंकर प्रवेश शेवटच्या अंकातील नव्हे, हाच होय. पहिल्या प्याल्याला मुन्सफाने केलेला अपमान कारण झाला. या दुसऱ्या पतनाला आपण सारे सज्जन कारण झालो.

आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ? सभा, ठराव, वादविवाद, शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत! त्या प्रवेशांना प्रेक्षक पोट धरधरून हसत आले आहेत. पण व्यसनाला प्रतिष्ठेची, संस्थेची आणि विद्वत्तेची झूल कशी चढविली जाते, याचे ते मार्मिक चित्र आहे. किण्वाची जात, पाण्याची क्षारता आणि उष्णमापकाचे अंश यांची चर्चा करणाऱ्या आजच्या हौशी मंडळांना आम्ही आर्यमदिरामंडळ म्हणणार नाही; त्यांतील कष्ट खरे आहेत. परंतु चर्चा जितकी शास्त्रीय, तितके आपण पितो आहोत याचे भान पुसट होते, हा धोका दोहींकडे सारखाच आहे.

'घरची' या दुसऱ्या विशेषणाला तर आपल्या परंपरेतच आधार दाखविता येईल. श्रौतकर्मातील सौत्रामणी यागात सुरा लागते. ती मोड आणलेले भात व जव, लाह्या आणि नग्नहु नावाचे किण्व यांपासून तीन रात्री ठेवून सिद्ध करीत. भाच्याच्या कृतीचे मूळ शोधावयास जर्मनीस जाण्याची गरज नाही! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात तर गृहस्थांना विशेष कृत्यांच्या प्रसंगी घरी पांढरी सुरा करण्याची, आणि उत्सव व यात्रा यांसाठी चार दिवसांची मोकळीक आहे. पण या सवलतींना सीमा आहे. त्यांना दिवस मोजून दिलेले आहेत, प्रसंग ठरवून दिलेला आहे, आणि वर देखरेख आहे. आज नातेवाईक आले, उद्या सुट्टी आहे, परवा मन खिन्न आहे, अशा प्रसंगांना सीमा नसते.

याच गुजरातच्या भूमीवरील एक कथा मौसलपर्वात आहे. मुनींच्या शापाने भयभीत झालेल्या द्वारकेत दवंडी पिटली गेली की, आजपासून वृष्णि-अंधकांच्या कोणत्याही घरी सुरा अथवा आसव करू नये. जो करील त्याला आप्तांसह जिवंत सुळावर चढविले जाईल. घरी मद्य करण्यावर याहून कडक बंदी कोणत्या राज्याने घातली असेल? यादवांनी ती निमूट मान्यही केली. आणि तेच यादव पुढे प्रभासक्षेत्री यात्रेस गेले, तेथे मनसोक्त प्याले, आणि श्रीकृष्णासमक्ष एकमेकांस मारून नष्ट झाले. सोमनाथाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकाने ही कथा आठवावी. प्रत्यक्ष भगवंतांच्या नगरीत जी आज्ञा उंबरठ्याच्या आत राहिली पण अंतःकरणात उतरली नाही, ती कुळाला तारू शकली नाही. दारूबंदी असावी की नसावी हा वेगळा प्रश्न आहे. परंतु कायदा आहे म्हणून घरातील कोणाला काही बोलावयास नको, ही समजूत मात्र घातक आहे.

येथेच आम्हांस या थोर नाटकाचा एक दोष निर्भीडपणे सांगितला पाहिजे. गडकऱ्यांची अलंकारांनी लदलेली भाषा कित्येक ठिकाणी पात्राच्या तोंडी बसत नाही, हा आक्षेप जुनाच आहे; तो आम्ही मोठा मानीत नाही. मोठा दोष सिंधूच्या चित्रणात आहे. ही बाई लोकांची दळणे दळून घर चालविते, नशेत बेभान झालेल्या पतीच्या हातून तिचे तान्हे बाळ जाते, तिच्या डोक्यात काठी बसते, आणि मरणाच्या दारातही ती फौजदाराला आपण पडलो असे सांगून पतीला वाचविते. बालगंधर्वांनी ठिगळांच्या लुगड्यात ही सिंधू उभी केली आणि वि. सी. गुर्जर यांच्या पदांना आपला स्वर दिला, तेव्हा सारे प्रेक्षागृह रडले. रडण्याजोगेच ते होते. पण त्या अश्रूंनी एक घोटाळा केला. तिचे मौन हे आपल्या घरांत स्त्रीच्या श्रेष्ठत्वाचे माप होऊन बसले. तिच्या मौनाची किंमत त्या बाळाने दिली, हे कोणी मोजलेच नाही. पतीच्या प्याल्याविषयी देवळातल्या ओळखीच्या बायकांपाशीही अक्षर न काढणाऱ्या सिंधू आपल्या समाजात आजही आहेत. त्यांच्या त्या गप्प राहण्याला आपण कुलीनता म्हणतो. सिंधूची पूजा पुष्कळ झाली. आता तिला बोलते केले पाहिजे.

भाच्याला आम्ही त्या रात्री हे एवढे सारे सांगितले नाही. उत्सवाचे घर होते. त्याची कारागिरी आम्ही नाकारली नाही, आणि तो दुराचारी आहे असे तर आमच्या मनातही आले नाही. सुधाकराशी सज्जनांनी केलेली चूक आपण पुन्हा का करावी? आम्ही त्याला एवढेच विचारले की, "बाबा रे, हलकी नसती तर केली असतीस का?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तिकडे संध्याकाळी घरी कोणी नसते, मामा."

हे उत्तर आम्हांस विचारात पाडणारे वाटले. सुधाकराला अपमान विसरावयाचा होता, याला एकटेपण. विशेषण बदलले, प्याला हलका झाला, त्यामागचे दुःख मात्र तेच राहिले. ते दुःख ज्या घरात, ज्या देवळाच्या ओसरीवर आणि ज्या आप्तमंडळीत बोलून दाखविता येईल, तेथे सवलतीच्या शब्दांची गरज कमी भासेल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बडोद्याच्या रंगमंचावर प्रथम उच्चारले गेलेले हे नाटक आजही जिवंत आहे. दारूची पदवी त्याने मोजली नाही, माणसाची समजूत मोजली, म्हणूनच ते जिवंत आहे. आमच्या वाचकांनी ते पुन्हा वाचावे, आणि शक्य तर घरातील तरुणांसमवेत मोठ्याने वाचावे. निघताना आमची प्रत आम्ही भाच्याच्या हाती दिली आहे.