'क्रिप कॅम्प' : जेवण कोणी आणलं?

आज ज्या माहितीपटाबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव 'क्रिप कॅम्प'. तो २०२० साली आला. निकोल न्यूनहॅम आणि जेम्स लेब्रेक्ट हे त्याचे दिग्दर्शक. लेब्रेक्ट स्वतः व्हीलचेअर वापरतात आणि गोष्ट त्यांच्याच पौगंडावस्थेतल्या उन्हाळी शिबिरापासून सुरू होते. 'क्रिप' हा मुळात हिणवण्याचा शब्द, आपल्याकडच्या 'पांगळा'सारखा. तोच त्यांनी मुद्दाम शीर्षकात घेतला.

न्यूयॉर्क राज्यातलं हे शिबिर, जेनेड. १९७१ सालचं कृष्णधवल चित्रण. त्यातला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. मुलं गोल करून बसली आहेत, आईवडील आपल्याला एकटं कसं सोडत नाहीत यावर बोलताहेत. एका मुलीचं बोलणं चटकन समजत नाही. पण कोणी तिला तोडत नाही. सगळे थांबतात, ऐकतात. आमच्या मते या चित्रपटाची सगळी ताकद त्या थांबण्यात आहे. इथे कोणी कीव मागत नाही, आणि प्रेक्षकाला डोळे पुसायची सोयही ठेवलेली नाही.

पुढे हीच मुलं मोठी होतात. शिबिरात असलेल्या ज्युडी ह्यूमन यांना व्हीलचेअरमुळे न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला होता. त्यांनी १९७० साली खटला भरला. १९७३च्या कायद्यातलं कलम ५०४ सांगत होतं, की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगांशी भेदभाव करता येणार नाही. कायदा झाला खरा, पण त्याच्या नियमांवर सही काही होईना. चार वर्षं गेली. मग एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरली आणि तीनेक आठवडे उठलीच नाहीत. आघाडीवर ह्यूमन, किटी कोन अशा बाया. टेलिफोन तोडले, तर बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप दिले. अखेर २८ एप्रिलला मंत्री कॅलिफानो यांनी सही केली.

आता आमची तक्रार. इतके दिवस ही माणसं जेवली काय? रोजचं गरम जेवण आणत होती ब्लॅक पँथर पार्टी. हो, तीच, जिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथर्सचा एक कार्यकर्ता, ब्रॅड लोमॅक्स, स्वतः व्हीलचेअरवर आत बसला होता. पूर्व ओकलंडच्या काळ्या वस्तीत अपंगांचं केंद्र उघडायला त्याने आधीच पुढाकार घेतला होता. म्हणजे पँथर्स बाहेरून दया करायला आलेले नव्हते. लढा त्यांचाही होता. चित्रपटात हे येतं, नाही असं नाही. पण ओझरतं येतं. शिबिराला जितका जिव्हाळा मिळतो तितका लोमॅक्सला मिळत नाही. तो कुठून आला, काळा आणि अपंग असं दोन्ही असणं म्हणजे काय, हे आपल्याला कळतच नाही. गोष्ट गोऱ्या मित्रमंडळींची राहते आणि जेवण आणणारे पाहुणे ठरतात.

हा दोष लहान नाही, बरं का. कोण कोणासाठी उभं राहिलं हे इतिहासातून गळलं, की पुढच्या पिढीला वाटतं, प्रत्येकाने आपापलं बघायचं असतं. स्त्रियांनी स्त्रियांचं, अपंगांनी अपंगांचं. ती सही अशी मिळाली नव्हती.

तरीही हा चित्रपट जरूर पाहा. आणि पाहताना आमच्यासारखीच एक गोष्ट मोजा. हक्कांवर बोलायला आज आम्ही या व्यासपीठावर आलो, ते तीन पायऱ्या चढून. शेजारी उतरण नाही. कार्यक्रम ठरवताना ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.