जाळीचा नंबर आणि बाटलीवरचं नाव

स्क्रीन प्रिंटिंगच्या आपल्याकडच्या कामात हाताचं कौशल्य भरपूर आहे, मोजमाप कच्चं आहे. धंद्याची बोली ऐकली की हे लगेच कळतं. कोट चढवणं, स्क्रीन उघडणं, पिनहोल बुजवणं, जाळी चोक होणं, रंग सरकणं, कडा फुटणं, 'अजून एक हात द्या': हाताला आणि डोळ्याला जे जाणवतं त्याला कारागिराकडे नेमका शब्द आहे. कॉलेजात न गेलेला मुलगा हे शब्द सहा महिन्यांत उचलतो आणि चुकत नाही. गाडी अडते ती आकड्यापाशी.

जाळीचंच घ्या. बाजारात तिला अजून बोल्टिंग म्हणतात, कारण मुळात ते पीठ चाळायचं रेशमी कापड. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने 1907 साली छपाईचं पेटंट घेतलं तेही रेशमावरच. पुढे रेशीम गेलं, नायलॉन आणि पॉलिएस्टर आलं, पण जुने नंबर राहिले. रेशमाचा 12 डबल एक्स म्हणजे इंचाला साधारण 125 धागे. आजचा 120 टी म्हणजे सेंटिमीटरला 120, इंचाला सुमारे 305. आणि कोणी नुसतं 'एकशेवीस नंबर' म्हटलं तर तो इंचाचा की सेंटिमीटरचा, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. एक जाळी टी-शर्टावर जाड रंग सोडणारी, दुसरी बारीक अक्षरासाठी विणलेली. दोघींचं नाव एकच.

याची किंमत देवनागरीला जास्त मोजावी लागते. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या बारीकशा फटीचा. जाड जाळीवर शाई पसरते, फट बुजते, आणि पत्रिकेवरच्या धनश्रीची घनश्री होते. 'ष'चं पोट भरतं, अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटतो. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या पत्रिकांच्या दुकानात नमुने उलटून पाहिले की चांगला छापणारा इथेच ओळखू येतो. सोनेरी गणपती सगळ्यांचा छान येतो, खालच्या 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'ची शिरोरेषा फार थोड्यांची स्वच्छ उतरते. रोमन अक्षरांवरून ठरलेली जाळी मराठीसाठी तशीच वापरू नये, एक पायरी बारीक घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉम्प्युटर आल्यावर दुसरी एक भाषा आली, ग्राफिक्सवाल्यांची. ती छापणाऱ्याच्या भाषेशी अजून नीट जुळलेली नाही. डिझायनर 'तीनशे डीपीआय आहे' म्हणून निर्धास्त असतो. ते झालं चित्राचं रेझोल्यूशन. स्क्रीनवर फोटो उतरवायचा तर हाफटोनच्या ठिपक्यांच्या ओळी इंचाला किती, म्हणजे एलपीआय, हे ठरवावं लागतं, आणि जाळीचे धागे त्याच्या चार ते पाच पट लागतात. इंचाला 60 ओळींचा हाफटोन असेल तर 300 च्या आसपास धागे हवेत, म्हणजे तीच 120 टी. हे गणित चुकलं किंवा ठिपक्यांचा कोन जाळीच्या धाग्यांशी भांडला की चेहऱ्यावर लाटालाटांची नक्षी उमटते. त्याला मोरे म्हणतात. बहुतेक ठिकाणी 'फाइल खराब होती' म्हणून विषय मिटवतात.

'कर्व्ह करून पाठवा' हा मात्र या दोन भाषांमधला खरा पूल. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसेल तर कचरा दिसतो, म्हणून कोरलमध्ये अक्षरांच्या आकृत्या करून फाइल द्यायची. पद्धत शहाणपणाची आहे. तोटा एवढाच की कर्व्ह झालेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. प्रूफ कर्व्हच्या आधी वाचायचं, हा नियम प्रत्येक टेबलावर लिहून लावायला हवा.

बोर्ड आणि बॅनर फ्लेक्सने नेले, थोड्या नगांचे टी-शर्ट आता डीटीएफ नेतो आहे. तरीही काचेवर, सर्किट बोर्डावर, पत्रिकेवर आणि ढोल-ताशा पथकांच्या शर्टांवर स्क्रीन टिकून आहे, कारण इतका जाड थर इतक्या स्वस्तात दुसरं तंत्र सहसा देत नाही. कापडाच्या छपाईतले शब्द मला सर्वांत समर्थ वाटतात. खादी प्रिंट म्हणजे गडद कापडावर झाकून बसणारा पांढरा, हातमागाच्या खादीशी त्याचा संबंध नाही. रबर प्रिंट ताणला तरी तडकत नाही, पफ गरम केल्यावर फुगतो, डिस्चार्ज कापडाचाच रंग काढतो. गिऱ्हाईक हात फिरवून नाव सांगू शकतं. परिभाषा घडावी ती अशी.

हीच बोली रसायनांपाशी मुकी होते. तिथे सगळ्याला एकच नाव, 'केमिकल'. थिनर शाई पातळ करतो, रिटार्डर तिचं वाळणं लांबवतो. एप्रिल-मेमध्ये जाळी दर दहा नगांनी चोक होत असेल तर औषध रिटार्डर आहे, पण मुलगा थिनर ओततो आणि अक्षर आणखी पसरतं. हे नुकसान पैशाचं. कोटात मिसळायचे नारिंगी खडे, बायक्रोमेट, त्याहून गंभीर. त्यात षट्संयुजी क्रोमियम असतं. त्याची भुकटी श्वासात जाणं कर्करोगाला कारण ठरतं, कातडीवर व्रण पडतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. बोटं पिवळी होणं ही धंद्याची खूण मानून मुलं उघड्या हातांनी ते कालवतात, स्क्रीन धुतलेलं पाणी मोरीत सोडतात. 'केमिकल' म्हटल्यावर सावध होण्यासारखं त्यांना काही सांगितलेलंच नसतं. बाटलीवर बायक्रोमेट हे नाव, 'क्रोमियमचं विष' एवढे दोन शब्द आणि हातमोज्यांची सूचना मराठीत छापणं ही पुरवठादाराची जबाबदारी आहे, त्यात सवलत नको.

पर्याय दुकानात आहेत. डायझोचा कोट किंवा तयार फोटोपॉलिमर महाग पडतो, म्हणून छोटा कारखानदार मागे सरतो. पण बायक्रोमेटचा कोट अंधारातही कडक होत जातो, त्यामुळे स्क्रीन त्याच दिवशी उघडावी लागते, नाहीतर कोट वाया. डायझोची कोट चढवलेली स्क्रीन कोरड्या अंधाऱ्या जागी काही आठवडे राहते. लग्नसराईत दहा फ्रेम रविवारीच कोट करून ठेवता आल्या तर महागाईचा फरक बराचसा भरून निघतो.