बुडीत कर्ज : पाठ्यपुस्तकातील समायोजना आणि सांगलीचा बेदाणा बाजार

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत बुडीत कर्ज हा विषय प्रायः अंतिम खात्यांच्या समायोजनेपुरता येतो. 'ऋणकोंवर ५ टक्के संशयित कर्ज निधी निर्माण करा' ही सूचना विद्यार्थी यांत्रिकपणे पार पाडतो. नफातोटा खात्याच्या नावे बाजूस रक्कम जाते, ताळेबंदात ती ऋणकोंतून वजा होते आणि गुण मिळतात. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या ५ टक्क्यांवर आहे. १ लाख रुपयांच्या येण्यांपैकी ९० हजार महिन्याभरातील व १० हजार तीन वर्षांपूर्वीचे असतील, तर ५ हजारांची तरतूद नेमके काय सांगते? २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेले भारतीय लेखामानक १०९ थकबाकी किती दिवसांची आहे हे पाहून अपेक्षित तोटा मोजू देते. आपल्या उदाहरणांतील कर्जाला मात्र वयच नसते.

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारास ते वय ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून व्यापारी व अडत्यांनी येणी-देणी पूर्ण चुकती करावयाची, ही प्रथा येथे 'झिरो पेमेंट' म्हणून ओळखली जाते. ज्याचा हिशेब शून्यावर येत नाही, तो चारचौघांत उघडा पडतो. अर्थात ही रीत निर्दोष नाही. एकाकडून उसने घेऊन दुसऱ्याचे शून्य करता येते. शिवाय चैत्रातील उधारीचे खरे रूप आश्विनापर्यंत झाकलेले राहू शकते.

अधिक गंभीर प्रश्न बागायतदाराचा आहे. व्यापारी बुडालेले येणे निर्लेखित करतो आणि ते पूर्वी उत्पन्नात धरलेले असल्यास आयकरात वजावटही मिळवतो. १९८९ च्या दुरुस्तीनंतर ते खरोखर बुडाले हे सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टी. आर. एफ. लिमिटेडच्या प्रकरणात स्पष्ट केले. शेतकऱ्याचे उत्पन्न मुळात करमुक्त, म्हणून वजावट नाही. बहुधा खतावणीही नाही, म्हणून निर्लेखन नाही. आपल्या शास्त्राच्या लेखी त्याचा तोटा घडतच नाही. तो दिसतो विकास सोसायटीच्या थकबाकीत, आणि तेथे संशयित ऋणको म्हणून त्याचेच नाव असते!

विश्रामबागेच्या वर्गांत तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांची मुले बसतात. त्यांच्यापुढे ५ टक्क्यांऐवजी थकबाकीची तारीखवार यादी ठेवावी आणि पेढीच्या पुस्तकांबरोबर बागायतदाराचे खातेही लिहावयास सांगावे. एवढा बदल अभ्यासमंडळास सहज करता येण्याजोगा आहे.