वामनदादांची सर्वांत चांगली कॅसेट कोणती?



एप्रिल आला की आपल्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडला जा, कारंजाला जा, मानोऱ्याला जा, मांडवामागं एक वाद रंगलेला दिसतो. वामनदादा कर्डकांचं गाणं ऐकावं तर कोणाचं? एक म्हणतो, जुन्या कॅसेटीतलं. दुसरा म्हणतो, कॅसेट राहू द्या, दादा स्वतः उभे राहून गायचे तेच खरं. तिसरा असतो पंचविशीतला. तो मोबाइलवर डीजेचं नवं रूप लावतो आणि ज्येष्ठ मंडळी उठून चहाला जातात. हा वाद मला हलका वाटत नाही. गाण्यावरून माणसं भांडतात म्हणजे गाणं अजून त्यांचं आहे. फक्त आपण तो चुकीच्या मापानं भांडतो, असं माझं म्हणणं आहे.

तिकडं अमेरिकेत बॉब डिलनचे चाहते असेच भांडतात. स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा माणूस. 2016 साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. 1966 चा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ थोर की 1975 चा ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’, यावर रात्री जागवल्या जातात. पण त्यांचं एक बरं आहे. तो अल्बम डिलनच्या आवाजातला, त्याच्या नावाचा. त्यामुळं अल्बम तोलला की कवीही तोलला जातो.

आपल्याकडं तसं नाही. दादांनी लिहिलं आणि गायलं दुसऱ्यांनीही. गायन पार्ट्यांनी गायलं, गावोगावच्या कलावंतांनी गायलं, कॅसेट कंपन्यांनी गाऊन घेतलं. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे, पण ते ऐकताना दादांची आठवण किती जणांना होते? कॅसेटीच्या वेष्टनावर बहुतेक वेळा गायकाचा फोटो मोठा आणि कवीचं नाव बारीक अक्षरात. म्हणजे कॅसेटीवरून भांडताना आपण गायक तोलतो आणि निकाल मात्र कवीच्या नावावर लावतो.

आता कॅसेटीचं गणित बघा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. त्यात पाच-सहा गाणी बसवायची. मांडवात गाणं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी शेर, मग मुखडा, मध्येच थांबून दोन शब्द समजावून सांगायचे, टाळी आली की कडवं पुन्हा. पंधरा मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत कोंबायचं म्हटलं तर कात्री कुठं लागणार? आधी समजावणं जातं. मग एखादं कडवं जातं. आणि ते शेवटचं असेल तर मोठं नुकसान होतं, कारण दादांच्या कितीतरी गाण्यांत ‘वामन’ हे नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं. नामदेव, चोखोबा, तुकोबा यांच्या अभंगांत नाव येतं, तशीच ही नाममुद्रा. ज्या समाजाला कागदावर सही करू दिली नव्हती, त्या समाजातल्या कवीनं गाण्यातच सही केली. कडवं कापलं की सही गेली. मग ते गाणं ‘पारंपरिक’ म्हणून कोणाच्याही नावावर चढतं.

म्हणून माझं पहिलं माप: गाणं पूर्ण आहे का? आवाज थोडा खरखरीत चालेल.

दुसरी गोष्ट डीजेची. ज्येष्ठांचा आक्षेप असतो की सिनेमाच्या चाली घेऊन पोरांनी भीमगीत बिघडवलं. 1965 साली न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलननं विजेवरची गिटार घेतली, तेव्हा त्याच्याही चाहत्यांनी हुर्यो केली होती. आणि दादांचं पहिलं गाणं कोणतं? 3 मे 1943 ला रचलेलं, एका हिंदी सिनेगीताचं विडंबन! चाल उसनी घेण्यात पाप नाही. विचारायचं ते एवढंच, की त्या ठोक्यात शब्द ऐकू येतात का? ज्या माणसानं तरुणपणी दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली, त्याचे शब्दच बुडाले तर उरलं काय? हे दुसरं माप.

तिसरं माप जरा कडू आहे. जयंतीच्या कॅसेटीत गौरवाची गाणी भरपूर. बाबासाहेबांविषयीची ती कृतज्ञता खरीच आहे. पण टाटा-बिर्लांची नावं घेऊन आमचा वाटा कुठं आहे, असं विचारणारे दादाही तेच. गिरणीत राबलेल्या, कोळशाच्या वखारीत खपलेल्या माणसाचा तो सवाल आहे. ज्या संचात नुसता जयजयकार आहे आणि हा सवाल नाही, तो कितीही गोड असो, मी त्याला अर्धेच गुण देईन. सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्या सवालाची गरज जास्त आहे.

या तीन मापांनी कुठली कॅसेट पहिली येते? माझ्या मते एकही पुरती उतरत नाही. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे छापील संग्रह हाताशी घ्या आणि ऐकलेलं गाणं त्यांच्याशी ताडून बघा. कुठं काय कापलं गेलं ते तिथल्या तिथं कळेल. जी गाणी पुस्तकात नाहीत, ती आपल्याच गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. दादा 15 मे 2004 ला गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली मंडळी आता थकली आहेत. तर पोरांनो, तो मोबाइल गाणं लावायला काढता, तसा रेकॉर्डिंगलाही काढा. आजोबांना, आजीला म्हणा, गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा. कोणी म्हटलं, कोणत्या गावात, किती तारखेला, ते लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलला भांडायला बसू, तेव्हा हा संच मांडवात असू द्या.

जयभीम.