टिनोको निवाडा : मान्यता आणि उत्तरदायित्व

कोस्टारिकात फेडेरिको टिनोको यांनी १९१७ मध्ये बळाने सत्ता हस्तगत केली. १९१९ मध्ये ती संपली. नंतरच्या शासनाने १९२२ च्या कायद्यान्वये त्यांचे करार रद्द ठरविले. ब्रिटनने टिनोको शासनास मान्यता दिली नव्हती. तरीही आपल्या कंपन्यांसाठी दावा केला. शासनाचे अस्तित्व प्रत्यक्ष नियंत्रणावर ठरते, असे लवाद विल्यम टाफ्ट यांनी १९२३ मध्ये प्रतिपादिले. हे तत्त्व राज्याचे सातत्य राखते. परंतु तेवढेच प्रमाण मानल्यास सत्ता बळकावणाऱ्याच्या कर्जाचा भार जनतेवर पडतो. म्हणूनच रॉयल बँकेचा दावा त्यांनी मान्य केला नाही : पैसा टिनोकोंच्या व्यक्तिगत उपयोगासाठी जाणार, याची बँकेस जाणीव होती. निवाड्याचे खरे मोल या मर्यादेत आहे. अध्यापनात मात्र पूर्वार्धावरच भर दिला जातो.