अप्रतिरूप चित्रकलेतील रंग

अप्रतिरूप चित्रकलेतील रंग : दृश्य वस्तूचे चित्रण न करणाऱ्या चित्रात रंगाला जे स्वतंत्र कार्य प्राप्त होते, त्याचे स्वरूप व मूल्यमापन हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. प्रतिरूपात्मक चित्रात रंग हा बहुधा कोणत्या तरी वस्तूचा गुण असतो. आकाशाचा निळा, पिकाचा हिरवा, मातीचा तांबूस अशी त्याची ओळख असते आणि तो वस्तूशी कितपत जुळतो, ही निदान एक कसोटी प्रेक्षकाच्या हाती असते. अप्रतिरूप चित्रात वस्तू उरत नाही व तिच्याबरोबर ही कसोटीही उरत नाही. रंग मुक्त होतो. परंतु मुक्त झालेल्या रंगाला आवर कशाचा, असा प्रश्न त्यातून उद्‌भवतो. ह्या प्रश्नाचे उत्तर न सापडल्यास चित्र केवळ भिंतीच्या शोभेचे साधन होऊन बसते. गेल्या शंभराहून अधिक वर्षांतील अप्रतिरूप चित्रकलेचा इतिहास हा बऱ्याच अंशी ह्या उत्तराच्या शोधाचा इतिहास आहे.

प्रारंभीची भूमिका : व्हासिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) याने १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या ग्रंथात प्रत्येक रंगाला विशिष्ट मानसिक परिणाम असतो, असे प्रतिपादन केले. पिवळा रंग प्रेक्षकाकडे धाव घेतो, तर निळा अंतर्मुख होत दूर जातो, अशी त्याची धारणा होती. रंग आणि भाव यांची अशी सांगड भारतीय परंपरेला अपरिचित नाही. नाट्यशास्त्रात शृंगाराचा श्याम, हास्याचा श्वेत, रौद्राचा रक्त, अद्‌भुताचा पीत असे वर्ण सांगितले आहेत. मात्र असा संकेत परंपरेच्या मान्यतेवर उभा असतो. ती मान्यता नसलेल्या प्रेक्षकापुढे तो पुरेसा ठरत नाही. काझिमिर मालेव्ह्यिच (१८७९–१९३५) याने काळा चौकोन (१९१५) व पांढऱ्यावर पांढरा (१९१८) ह्या चित्रांत रंगाचा जवळजवळ त्याग केला. पीट माँड्रिअन (१८७२–१९४४) याने तांबडा, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग आणि काळा, पांढरा व करडा एवढ्यांपुरतीच आपली रंगयोजना मर्यादित ठेवली. अलेक्सांद्र रॉदचेंको (१८९१–१९५६) याने १९२१ मध्ये निव्वळ तांबडा, निव्वळ पिवळा व निव्वळ निळा असे तीन एकरंगी फलक मांडले आणि चित्रकलेची परिसमाप्ती झाल्याचे सुचविले. प्रत्यक्षात तेथून रंगाच्या नव्या विचाराला आरंभ झाला.

रंगसंबंध : योझेफ आल्बेर्स (१८८८–१९७६) ह्या जर्मन-अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या अर्थाचा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या वर्तनाकडे लक्ष वेधले. १९५० पासून मृत्यूपर्यंत त्याने एकात एक बसविलेल्या चौकोनांची हजाराहून अधिक चित्रे रंगविली. रंग नळीतून काढून सुरीने सरळ फलकावर पसरावा आणि वापरलेल्या रंगांची नावे फलकाच्या पाठीमागे लिहून ठेवावी, अशी त्याची रीत होती. रंगांच्या परस्परक्रियेवरील त्याचा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच करडा रंग काळ्या पार्श्वभूमीवर उजळ व पांढऱ्या पार्श्वभूमीवर मळकट दिसतो. म्हणजेच रंग एकाकी असा कधी नसतोच, तो शेजाऱ्यावर अवलंबून असतो, हे त्याने सप्रयोग दाखविले. रंगाला आवर घालणारी शक्ती संकेतात नसून रंगांच्या आपसांतील संबंधांत आहे, हे त्याचे उत्तर होय. त्याच्या चित्रांत काही वेळा प्रयोगशाळेचा कोरडेपणा जाणवतो. तथापि त्याच्या निष्कर्षाकडे पुढील कोणत्याही अभ्यासकाला दुर्लक्ष करता आलेले नाही.

रंग हेच द्रव्य : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत रंगाच्या विस्ताराला महत्त्व आले. मार्क रॉथ्‌को (१९०३–७०) याने पातळ रंगाचे एकावर एक थर देऊन आतून प्रकाशणारे धूसर कडांचे आयत निर्माण केले. बार्नेट न्यूमन (१९०५–७०) याने विस्तीर्ण सलग रंगक्षेत्रे बारीक उभ्या पट्ट्यांनी विभागली. हेलन फ्रँकेंथेलर (१९२८–२०११) हिने १९५२ मध्ये अस्तर न दिलेल्या कापडावर पातळ केलेला तैलरंग ओतून तो कापडात मुरू दिला. त्यामुळे रंग पृष्ठभागावरचा लेप न राहता कापडाशी एकजीव झाला. फ्रान्समध्ये ईव्ह क्लाइन (१९२८–६२) याने निळ्या रंगद्रव्याची भुकटी तेलात कालविली असता तिचे तेज मंदावते, हे ध्यानात घेऊन कृत्रिम राळेचे बंधक द्रव्य वापरले आणि भुकटीचा मखमली कोरडेपणा टिकवून धरला. ह्या सर्वांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली : रंग म्हणजे केवळ ‘निळा’ किंवा ‘तांबडा’ हे नाव नव्हे. बंधक द्रव्य, थरांची जाडी, कापडाचा पोत व फलकाचा आकार यांनी मिळून तो सिद्ध होतो.

ह्याउलट गेरहार्ट रिक्टर (जन्म १९३२) ह्या जर्मन चित्रकाराने रंगाची निवडच शक्यतो यदृच्छेवर सोपविली. १९६६ पासून त्याने दुकानातील रंगांच्या नमुनापत्रांवरून चित्रे केली. कोलोन येथील कॅथीड्रलसाठी त्याने रचलेल्या व २००७ मध्ये पूर्ण झालेल्या खिडकीत ७२ रंगांचे सु. ११,५०० काचेचे चौकोन असून त्यांची मांडणी मुख्यतः यदृच्छेने ठरविलेली आहे. तेथेही रंगांची मर्यादित संख्या आणि चौकोनाचे माप हे नियम चित्रकाराचेच आहेत. यदृच्छेलाही चौकट लागते, हेच त्यावरून दिसून येते.

भारतीय चित्रकारांचा विचार : भारतीय अप्रतिरूप चित्रकलेत लघुचित्रांची रंगसंपदा आणि आधुनिक पाश्चात्त्य विचार हे दोन प्रवाह एकत्र आले. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी आरंभीच्या काळात लघुचित्रांतील मानवाकृती वगळून त्यांतील रंगांची परस्परप्रमाणे तेवढी अभ्यासली. पॉल क्लेच्या चित्रांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढे त्यांनी आकृती पूर्णतः सोडल्या व आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे म्हणणे पसंत केले. रोलर व सुरी यांनी रंगाचे थर द्यावेत, ते अंशतः खरवडावेत, कागदाचे तुकडे वापरून रंग उमटवावा अथवा उचलावा, अशी त्यांची पद्धती होती. त्यामुळे त्यांच्या एखाद्या पिवळसर किंवा करड्या-हिरव्या फलकाला एका रंगाचे नाव देणे कठीण होते. खालचा थर वरच्यातून डोकावतो, काही आकार पाण्याखालच्या वस्तूंप्रमाणे तरंगताना भासतात आणि प्रकाश कोठून येतो ते सांगता येत नाही. येथे रंग आधी ठरवून भरलेला नाही. कृतीच्या ओघात तो सापडलेला आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करण्याचा त्यांचा संयम हाही ह्या रंगविचाराचाच भाग होय. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले होते.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांची दिशा वेगळी आहे. १९५० पासून फ्रान्समध्ये राहिलेल्या रझांनी मध्य प्रदेशातील बालपणीची स्मृती व राजस्थानी लघुचित्रे यांतून आपली उष्ण रंगयोजना सिद्ध केली. माँ (१९८१) व सौराष्ट्र (१९८३) ह्या चित्रांत तांबडा, काळा, केशरी व गेरू यांचे फटकारे परस्परांना तापवितात. काळा बिंदूही तेथे भोवतालच्या रंगांतून वर आलेला वाटतो. उत्तरकालीन अनेक चित्रांत मात्र बिंदू, त्रिकोण व पंचतत्त्वांचे रंग ही योजना अगोदरच निश्चित झालेली असते व रंग तिच्यात भरला जातो. अशा चित्रांत अर्थ स्पष्ट होतो, पण रंगाची अनपेक्षितता उणावते. रंग संकेताच्या अधीन झाल्याने काय गमावले जाते, हे एकाच चित्रकाराच्या ह्या दोन कालखंडांच्या तुलनेने कळून येते.

अकोल्याचे अंबादास खोब्रागडे (१९२२–२०१२) यांनी प्रवाही रंगाच्या लयबद्ध फटकाऱ्यांतूनच चित्र उभे केले. प्रभाकर कोलते (जन्म १९४६) यांच्या अनेक चित्रांत एक प्रमुख रंग सर्व फलक व्यापतो आणि त्यात राखलेल्या लहान-लहान झरोक्यांतून खालच्या थरांतील रंग दिसतात. झाकणे ही येथे रंगाची प्रमुख क्रिया ठरते. नसरीन मोहमदी (१९३७–९०) यांनी आपल्या परिणत रेखाटनांत रंग सोडून शाई व पेन्सिलीच्या रेषांवरच भिस्त ठेवली. रंग ही अप्रतिरूप चित्राची अपरिहार्य गरज नाही, हे त्यामुळे सिद्ध होते. म्हणूनच तो वापरणाऱ्यावर त्याची जबाबदारी अधिक येते.

रंगाचा ऱ्हास व त्याचा अर्थ : व्यक्तिचित्राचा रंग विटला, तरी चेहरा ओळखू येतो. अप्रतिरूप चित्राचा रंग विटला, तर मूळ आशयच नष्ट होतो. रॉथ्‌कोने हार्व्हर्ड विद्यापीठासाठी रंगविलेले मोठे फलक १९६४ मध्ये तेथील एका भोजनकक्षात लावण्यात आले. त्यांतील एक तांबडे रंगद्रव्य सूर्यप्रकाशाने विटून किरमिजी पार्श्वभूमी असमान फिकी पडली व १९७९ मध्ये फलक काढून ठेवावे लागले. २०१४ मध्ये फलकांना हात न लावता, त्यांवर नेमक्या रंगांचा प्रकाश टाकून मूळ रूपाचा प्रत्यय देण्याचा प्रयोग तेथे करण्यात आला. दिवे बंद होताच विटलेला फलक पुन्हा दिसू लागे. ॲम्स्टरडॅम येथील न्यूमनचे एक विशाल तांबडे चित्र १९८६ मध्ये एका माथेफिरूने चाकूने फाडले. दुरुस्त होऊन ते १९९१ मध्ये परत आले, तेव्हा त्यावर रोलरने नवा रंग चढवून मूळ थरांची कंपने नाहीशी केल्याचा आक्षेप अनेक जाणकारांनी घेतला. तांबडा रंग तांबडाच राहिला होता; तरीही चित्र तेच राहिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ‘हे तर कोणालाही रंगविता येईल’ ह्या नेहमीच्या आक्षेपाचे उत्तर ह्या वादात मिळते.

मूल्यमापन : अप्रतिरूप चित्रातील रंगाची पारख त्याच्या नावावरून, त्याला जोडलेल्या तत्त्वज्ञानावरून किंवा तो डोळ्यांना सुखावतो की नाही यावरून करणे अपुरे आहे. शेजारच्या रंगाशी त्याचे नाते, थरांतून झालेली त्याची घडण आणि फलकाच्या विस्ताराशी त्याने राखलेले प्रमाण ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींना आधार देतात का, हे पाहावे लागते. त्यांपैकी एक बदलताच चित्र कोसळत असेल, तर रंग तेथे अनिवार्य आहे असे समजावे. काहीही न बदलता दुसरा रंग चालून जात असेल, तर तो शोभेपुरता आहे. ही पारख छापील प्रतिकृतीवरून होऊ शकत नाही. छपाईत थर, पोत व आकारमान ही तिन्ही हरपतात आणि उरते ते रंगाचे केवळ नाव. संग्रहालयात मूळ चित्रासमोर काही काळ थांबणे, हाच ह्या कलेच्या आस्वादाचा खरा मार्ग होय.